कयाकचे वल्हे : रचना आणि कार्यक्षम वल्हवण्याचे तंत्र

प्रस्तावना

मराठीत 'वल्हे' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या साधनांसाठी वापरतो. होडीच्या काठावरच्या खुंटीत अडकवून ओढायचे वल्हे हे पहिले. कुठेही न अडकवता दोन्ही हातांत मोकळे धरून चालवायचे वल्हे हे दुसरे. पहिल्या प्रकारात वल्हवणारा नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो, दुसऱ्यात जायच्या दिशेकडे. कयाक दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्या वल्ह्याला दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पाते असते आणि ते डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून पाण्यात घातले जाते.

एकाच तलावावर, एकसारख्या कयाकमध्ये, साधारण सारख्याच ताकदीचे दोघे जण बसले, तरी एक जण तासाभरात दमतो आणि दुसरा तीन तास निवांत वल्हवतो. हे कसे घडते, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे. नवशिके बहुधा याचे उत्तर वल्ह्यात शोधतात : पाते मोठे हवे, दांडा कार्बनचा हवा. वल्ह्याच्या रचनेला महत्त्व आहेच. पण त्याच्या तुलनेत तंत्राला किती महत्त्व आहे, हे आपण साध्या गणिताने तपासणार आहोत.

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

– वल्ह्यावरचे बल शरीरातून नावेपर्यंत कसे पोहोचते ते सांगणे.
– पात्याची घसरण आणि कार्यक्षमता यांचा संबंध मांडणे व त्यावरची उदाहरणे सोडवणे.
– पात्याचा आकार, लांबी, वजन आणि पीळ यांचे परिणाम स्पष्ट करणे.
– एका स्ट्रोकचे टप्पे ओळखून त्यातील नेहमीच्या चुका शोधणे.

१. थोडी पार्श्वभूमी

कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट, अल्यूत इत्यादी लोकांची शिकारीची नाव. लाकडाच्या सांगाड्यावर सील माशासारख्या दिसणाऱ्या, पण सस्तन असलेल्या सागरी प्राण्याचे कातडे ताणून ती बनवत. त्या प्रदेशाच्या बऱ्याच भागात झाडे उगवत नाहीत, म्हणून समुद्रातून वाहत आलेले लाकूडच वापरावे लागे. ग्रीनलंडमधील पारंपरिक वल्हे लांब आणि अरुंद असते. त्याचे पाते मुठीत मावेल इतकेच रुंद, म्हणजे साधारण ८ ते ९ सेंटिमीटर असते. त्याच्या लांबीचे पारंपरिक माप आपल्याला ओळखीचे वाटेल : एक वाव आणि एक हात. दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर म्हणजे वाव, आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे हात. वल्हे बाजारातल्या मापाने न निवडता वापरणाऱ्याच्या अंगाच्या मापाने बनवायचे, हे तत्त्व आजही लागू पडते.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून कयाकिंग हा पदकांचा खेळ झाला. शर्यतींमुळे वल्ह्याच्या अभ्यासाला चालना मिळाली. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये विमानाच्या पंखासारखा छेद असलेले पाते विकसित झाले आणि काही वर्षांतच सपाट पाण्यावरच्या शर्यतींमध्ये जुन्या पात्यांची जागा त्याने घेतली. त्याचे कारण आपण विभाग ५ मध्ये पाहू.

२. नाव पुढे कशी जाते?

न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पाते पाण्याला मागे ढकलते आणि पाणी पात्याला तितक्याच बलाने पुढे ढकलते. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. पुढचा प्रश्न मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही : पात्यावरचे हे बल नावेपर्यंत पोहोचते कसे?

खुंटीला अडकवलेल्या वल्ह्यात बलाचा मोठा भाग खुंटीमार्गे थेट नावेवर येतो. कयाकचे वल्हे नावेला कुठेच टेकलेले नसते. त्यामुळे बलाचा मार्ग असा असतो :

पाते → दांडा → हात → खांदे → धड → कंबर व पाय → बैठक आणि पायटेकू → नाव

या साखळीतला कोणताही दुवा ढिला असला, तर बल वाटेतच मुरते. पाय पायटेकूपर्यंत पोहोचत नसतील, तर वल्हवणारा प्रत्येक स्ट्रोकला बैठकीवर घसरतो किंवा पाठीच्या आधारावर रेलतो. म्हणून कयाकमध्ये बसल्यावर पहिले काम पायटेकू जुळवण्याचे. गुडघे किंचित वाकलेले आणि तळपाय पक्के टेकलेले हवेत.

हा मुद्दा पॅरा-खेळाडूंच्या बाबतीत विशेष स्पष्ट होतो. भोपाळच्या तलावात सराव करणारी प्राची यादव ही पॅरालिम्पिकमध्ये पॅरा-कनू प्रकारात उतरलेली पहिली भारतीय खेळाडू. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली. २०२३ मध्ये हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत केएल-२ या कयाक गटात तिने सुवर्णपदक मिळवले. या गटातील खेळाडूंच्या पायांची हालचाल मर्यादित असते. पायांचा दुवा क्षीण असेल, तर धड आणि बैठक या दुव्यांवर अधिक भार येतो. म्हणूनच या गटात बैठकीची आणि पाठीच्या आधाराची जुळवणी कामगिरीच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

३. पात्याची घसरण आणि कार्यक्षमता

चिखलात खांब रोवून त्याला धरून स्वतःला पुढे ओढल्याची कल्पना करा. खांब हलला नाही, तर तुमचे सगळे कार्य तुम्हाला पुढे नेण्यात खर्च होते. खांब मागे सरकत गेला, तर काही कार्य चिखल ढवळण्यात जाते. वल्ह्याचे पाते हा असाच एक खांब आहे, फक्त तो पाण्यात रोवलेला आहे. पाणी प्रवाही असल्यामुळे तो थोडा सरकणारच. या सरकण्याच्या वेगाला आपण 'घसरण' म्हणू.

नावेचा वेग आणि घसरण यांची बेरीज म्हणजे वल्हवणाऱ्याच्या दृष्टीने पाते मागे जाण्याचा वेग. पात्यावरील बल तेच असल्याने :

उपयुक्त शक्ती = बल × नावेचा वेग
वल्हवणाऱ्याने पात्याशी दिलेली शक्ती = बल × (नावेचा वेग + घसरण)

म्हणून,

कार्यक्षमता = नावेचा वेग ÷ (नावेचा वेग + घसरण)

उरलेली शक्ती पाण्यात भोवरे निर्माण करण्यात जाते. स्ट्रोक संपल्यावर पात्यामागे गरगरत राहिलेले पाणी दिसते. ती तुमचीच वाया गेलेली गतिज ऊर्जा असते.

आता घसरण किती असेल ते पाहू. पाते प्रवाहाला काटकोनात धरले आहे असे मानल्यास :

बल = ½ × पाण्याची घनता × रोध गुणांक × बुडालेले क्षेत्रफळ × (घसरण)²

सपाट पट्टीसाठी रोध गुणांक सुमारे १.२ धरतात. पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर. प्रत्यक्षात पाण्याचा प्रवाह स्थिर नसतो आणि पात्याची दिशाही बदलत राहते. त्यामुळे हे सूत्र नेमके उत्तर देत नाही. पण दोन परिस्थितींची तुलना करण्यास ते पुरेसे आहे.

४. सोडवलेले उदाहरण

उदाहरण : एक कयाक १.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५.४ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाला पाण्याचा रोध १५ न्यूटन आहे असे माना. एकूण वेळेपैकी ६० टक्के वेळ कोणते ना कोणते पाते पाण्यात ओढ देत असते. पात्याचे क्षेत्रफळ ६५० चौरस सेंटिमीटर आहे. कार्यक्षमता काढा.

उत्तर : वेग कायम राहण्यासाठी सरासरी बल रोधाइतके हवे. बल फक्त ६० टक्के वेळ मिळते, म्हणून ओढीच्या काळातील बल = १५ ÷ ०.६ = २५ न्यूटन.

२५ = ½ × १००० × १.२ × ०.०६५ × (घसरण)² = ३९ × (घसरण)²

घसरण = ०.८० मीटर प्रति सेकंद

कार्यक्षमता = १.५ ÷ (१.५ + ०.८०) = ०.६५, म्हणजे ६५ टक्के.

उपयुक्त शक्ती १५ × १.५ = २२.५ वॅट. ती मिळवण्यासाठी वल्हवणाऱ्याला पात्याशी सुमारे ३४.५ वॅट द्यावे लागतात.

आता एकेक गोष्ट बदलून तेच गणित पुन्हा करू. नावेचा वेग आणि रोध तोच ठेवला आहे.

(अ) मोठे पाते, ७५० चौरस सेंटिमीटर : घसरण ०.७५, कार्यक्षमता ६७ टक्के, लागणारी शक्ती ३३.७ वॅट.

(आ) लहान पाते, ५५० चौरस सेंटिमीटर : घसरण ०.८७, कार्यक्षमता ६३ टक्के, लागणारी शक्ती ३५.६ वॅट.

(इ) मूळचेच ६५० चौरस सेंटिमीटरचे पाते, पण ओढताना ते अर्धेच बुडालेले : घसरण १.१३, कार्यक्षमता ५७ टक्के, लागणारी शक्ती ३९.५ वॅट.

(ई) मूळचे पाते पूर्ण बुडालेले, पण ओढ झटक्याची, त्यामुळे ६० ऐवजी ४० टक्केच वेळ बल मिळते : घसरण ०.९८, कार्यक्षमता ६० टक्के, लागणारी शक्ती ३७.२ वॅट.

या आकड्यांकडे नीट पाहा. लहान पात्यावरून मोठ्या पात्यावर गेल्यास क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते, पण शक्तीची बचत दोन वॅटहूनही कमी होते. याउलट पाते पूर्ण बुडण्याआधीच ओढायला सुरुवात केली, तर पाच वॅट जादा लागतात. म्हणजेच पाते नीट रोवण्याची सवय ही महागड्या मोठ्या पात्यापेक्षा कितीतरी पट फायद्याची आहे. आणि ती फुकट आहे.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण वल्ह्यालाही लागू पडते. अर्धवट बुडालेल्या पात्यामागे हवा ओढली जाते, फेस होतो, आवाज होतो. कसलेल्या व्यक्तीचे वल्हे पाण्यात जाताना जवळजवळ ऐकू येत नाही.

५. वल्ह्याची रचना

५.१ पात्याचे क्षेत्रफळ

वरील गणितात मोठ्या पात्याला थोडा फायदा दिसतो, पण त्याची किंमतही असते. मोठे पाते अधिक घट्ट रुतते. त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकला स्नायूंवर येणारा भार वाढतो आणि लय मंदावते. सायकलच्या जड गिअरवर चढ चढण्यासारखाच हा प्रकार. थोड्या वेळाच्या शर्यतीत बलवान खेळाडू तो पेलू शकतो. तीन-चार तासांच्या सफरीत मात्र खांदे आणि मनगटे दुखावतात. मिनिटाला ५० स्ट्रोक धरले, तर चार तासांत १२,००० स्ट्रोक होतात, हे लक्षात ठेवून पाते निवडावे.

५.२ पात्याचा आकार

बहुतेक सफरी वल्ह्यांची पाती विषम आकाराची असतात, म्हणजे खालची कड वरच्या कडेपेक्षा आखूड कापलेली असते. वल्हे पाण्यात तिरके शिरते. पाते सममित असते, तर बुडताना दांड्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ दुसरीपेक्षा जास्त झाले असते आणि दांडा मुठीत पिळवटला असता. विषम आकारामुळे दोन्ही बाजूंचे बुडालेले क्षेत्रफळ जवळपास सारखे राहते.

पात्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक उंचवटा असतो. त्याला आपण कणा म्हणू. तो पाण्याला दोन्ही कडांकडे समान वाटतो. कणा नसलेल्या सपाट पात्याच्या एका कडेवरून भोवरा सुटतो, मग दुसऱ्या कडेवरून सुटतो आणि पाते थरथरते. ही थरथर थांबवण्यासाठी मूठ आवळावी लागते आणि त्यातून हाताचा पुढचा भाग दुखू लागतो.

५.३ पंखाकृती पाते

आतापर्यंत आपण पाते थेट मागे ओढले जाते असे मानले. पंखाकृती पात्याची कल्पना वेगळी आहे. त्याचा छेद चमच्यासारखा खोलगट असून एक कड गोलसर वळलेली असते. ते नावेच्या अगदी जवळ रोवले जाते आणि मग नावेपासून दूर, बाहेरच्या बाजूला सरकत जाते. या बाजूच्या हालचालीमुळे पाणी पात्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वाहते आणि विमानाच्या पंखावर निर्माण होते तसे उत्थापक बल निर्माण होते. विमानात हे बल वर असते, इथे त्याची दिशा पुढे असते.

यातला फायदा समजून घ्या. उत्थापक बल हालचालीच्या दिशेला काटकोनात असते. पाते सरकते बाहेर, बल मिळते पुढे. म्हणजे बल मिळवण्यासाठी पात्याला फारसे मागे घसरावे लागत नाही. आपल्या सूत्रातली घसरण कमी होते आणि कार्यक्षमता वाढते. शिवाय पाते सतत न ढवळलेल्या, स्थिर पाण्यात सरकत असल्याने पकड टिकते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या बालिंट कोपास याने एकेरी कयाकची १००० मीटर शर्यत सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांत जिंकली. म्हणजे सरासरी वेग ५ मीटर प्रति सेकंद. या पातळीवर पंखाकृती पात्यावाचून कोणी उतरत नाही. पण हे पाते एकाच कामात निपुण आहे. तोल सावरणे, नाव बाजूला ओढणे, उलटे वल्हवणे ही कामे त्याने अवघड होतात. म्हणून खळाळत्या नदीत आणि नवशिक्यांच्या हातात साधे पातेच बरे.

५.४ लांबी

लांबी तीन गोष्टींवर ठरते : नावेची रुंदी, बसणाऱ्याची उंची आणि वल्हे धरण्याचा कोन. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या रुंद, वर बसायच्या कयाकला २३० ते २४० सेंटिमीटरचे वल्हे लागते, नाहीतर हात नावेच्या काठावर आपटतात. अरुंद सागरी कयाकला २१० ते २२० सेंटिमीटर पुरते. खळाळत्या नदीतली वल्ही २०० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून आखूड असतात, कारण तिथे झटपट हालचाल महत्त्वाची.

दांडा उभा धरला तर पाते नावेजवळ राहते, आडवा धरला तर दूर जाते. दूरच्या पात्याचे बल नावेला वळवते. २५ न्यूटन बल नावेच्या मध्यरेषेपासून ८० सेंटिमीटरवर लावले, तर वळवणारे आघूर्ण २० न्यूटन-मीटर होते. तेच ४५ सेंटिमीटरवर लावले तर सुमारे ११ न्यूटन-मीटर. नावेचे नाक डावी-उजवीकडे हलत राहिले, तर प्रवास नागमोडी होतो आणि रोधही वाढतो. म्हणून वेगासाठी उभा दांडा. आरामशीर सफरीत मात्र आडवा दांडा खांद्यांना सोपा जातो.

५.५ वजन

अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती असलेले वल्हे साधारण एक किलोग्रॅमच्या वर भरते. कार्बन तंतूंचे वल्हे ६५० ते ७५० ग्रॅमपर्यंत असते. एकूण वजनाइतकेच ते वजन कुठे आहे हेही पाहावे. टोकांना असलेले वजन दर स्ट्रोकला उचलावे, फिरवावे आणि थांबवावे लागते. म्हणून खर्च मर्यादित असेल, तर हलक्या दांड्यापेक्षा हलक्या पात्यांना प्राधान्य द्यावे.

५.६ पात्यांमधला पीळ

अनेक वल्ह्यांची दोन पाती एका पातळीत नसतात. त्यांच्यात ठरावीक कोनाचा पीळ असतो. एक पाते पाण्यात असताना दुसरे हवेतून पुढे जात असते, आणि त्याचा वेग नावेच्या वेगाच्या दुप्पट किंवा थोडा अधिक असतो. नाव १.५ मीटर प्रति सेकंद वेगाने जात असेल आणि समोरून ५ मीटर प्रति सेकंद वारा असेल, तर वरच्या पात्याला हवा सुमारे ८ मीटर प्रति सेकंद वेगाने लागते. ६५० चौरस सेंटिमीटरचे पाते वाऱ्याला सपाट भिडले, तर त्यावर सुमारे ३ न्यूटन बल येते. १५ न्यूटन रोधाशी तुलना करता ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पीळ दिल्यास वरचे पाते कडेने हवा कापते.

मात्र पिळाच्या वल्ह्यात एका हाताच्या मनगटाने दर स्ट्रोकला दांडा फिरवावा लागतो. पीळ जितका जास्त, तितका मनगटावर ताण. शिवाय आडवा वारा वरच्या पात्याखाली शिरून तोल बिघडवू शकतो. शर्यतीत ६० अंश किंवा त्याहून अधिक, तर सफरीत शून्य ते ४५ अंश पीळ ठेवण्याची पद्धत आहे. नवशिक्याने शून्याने सुरुवात करण्यास काहीच हरकत नाही.

६. एका स्ट्रोकचे टप्पे

पकड ठरवण्यासाठी वल्हे डोक्यावर आडवे धरा. कोपरांत साधारण काटकोन झाला की हातांमधले अंतर योग्य. आता एक स्ट्रोक चार टप्प्यांत पाहू. वर्णन उजव्या बाजूचे आहे.

(१) रोवणे. धड डावीकडे वळवा, म्हणजे उजवा खांदा पुढे येईल. उजवा हात जवळजवळ सरळ ठेवून पाते पायांच्या बोटांच्या रेषेत, नावेला लागून पाण्यात घाला. पाते मानेपर्यंत बुडेस्तोवर ओढू नका. रोवणे आणि ओढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. उदाहरणातील (इ) आठवा.

(२) ओढणे. आता धड उजवीकडे उलगडा आणि त्याच वेळी उजव्या पायाने पायटेकू दाबा. हात फक्त धड आणि वल्हे यांना जोडणाऱ्या दोरीचे काम करतात. दंडाचे स्नायू लहान असतात, लवकर थकतात. पाठ, पोट आणि कंबर यांचे मोठे स्नायू बराच काळ टिकतात. वरचा, म्हणजे डावा हात डोळ्यांच्या पातळीवर राहून नावेवरून आडवा सरकतो. त्याची बोटे सैल ठेवा. बल एकदम न लावता सबंध ओढीत पसरवा, कारण (ई) मध्ये पाहिल्याप्रमाणे झटक्याची ओढ अधिक पाणी ढवळते.

(३) काढणे. पाते कंबरेशी आले की बाजूने वर उचला. त्यापुढे ओढत राहिल्यास दांडा मागे कलतो. ४५ अंश कलल्यावर बलाचा सुमारे ७१ टक्केच भाग पुढे ढकलतो. उरलेला घटक पाणी वर उचलतो आणि नावेचा मागचा भाग खाली खेचतो. उशिरा काढलेले पाते ओळखणे सोपे असते : मागे पाणी उडते.

(४) पालटणे. उजवे पाते बाहेर येईपर्यंत धड उजवीकडे पुरते वळलेले असते, म्हणजे डाव्या स्ट्रोकची तयारी आपोआप झालेली असते. या क्षणी किंचित थांबून नावेला तिच्या वेगाने घसरू द्या. मग डावे पाते रोवा.

७. वेग आणि लय

पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते. वेग दुप्पट करायचा तर किमान आठपट. जास्त वेगाला नाव स्वतः लाटा निर्माण करू लागते आणि प्रत्यक्ष शक्ती याहूनही वाढते.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला, लांब अंतरासाठी वेग समान ठेवावा. कधी जोरात, कधी हळू असे वल्हवल्यास त्याच सरासरी वेगाला अधिक ऊर्जा लागते. दुसरा, वेग वाढवायचा असेल तर आधी प्रत्येक स्ट्रोकची गुणवत्ता वाढवावी, मग स्ट्रोकची संख्या. घाईत संख्या वाढवली की पहिला बळी रोवण्याच्या टप्प्याचा जातो.

८. सुरक्षितता

पाण्यात उतरताना तरंगजाकीट घालून त्याचे पट्टे आवळावेत आणि नवशिक्याने एकट्याने जाऊ नये. तोल सावरताना हात डोक्याच्या वर किंवा पाठीमागे दूर जाऊ देऊ नये, कारण त्या स्थितीत खांदा निखळण्याचा धोका असतो. कोपर नेहमी शरीरासमोर राहील अशा रीतीने धड वळवावे. थोडक्यात, कार्यक्षमतेसाठी सांगितलेले धडाचे वळण खांद्याचे संरक्षणही करते.

सारांश

– कयाकच्या वल्ह्याला नावेवर टेकू नसतो. बल शरीरातून पायटेकू आणि बैठकीमार्गे नावेवर येते.
– कार्यक्षमता पात्याच्या घसरणीवर अवलंबून असते. घसरण जितकी कमी, तितकी पाण्यात वाया जाणारी ऊर्जा कमी.
– पाते मोठे केल्याने होणारा फायदा थोडा असतो. पाते पूर्ण रोवून मगच ओढणे आणि बल सबंध ओढीत पसरवणे यांचा फायदा त्याहून मोठा असतो.
– पंखाकृती पाते उत्थापक बल वापरून घसरण कमी करते, पण ते सर्व कामांसाठी सोयीचे नाही.
– लांबी, वजन आणि पीळ हे वापरणाऱ्याचे शरीर, नाव आणि पाणी पाहून ठरवावेत.

स्वाध्याय

१. खुंटीला अडकवलेले वल्हे आणि कयाकचे वल्हे यांतील बलाचा मार्ग आकृती काढून दाखवा.

२. विभाग ४ मधील मूळ उदाहरणात पाते अर्धेच बुडालेले असून ओढही फक्त ४० टक्के वेळच मिळत असेल, तर कार्यक्षमता काढा. (उत्तर : सुमारे ५२ टक्के)

३. नावेचा वेग १.५ वरून १.८ मीटर प्रति सेकंद केला, तर लागणारी उपयुक्त शक्ती किती पट होईल? (उत्तर : सुमारे १.७३ पट)

४. एका व्यक्तीच्या वल्ह्यामागे प्रत्येक स्ट्रोकला पाणी उडते आणि नावेचे नाक डावी-उजवीकडे हलते. यामागची दोन संभाव्य कारणे आणि त्यांवरचे उपाय लिहा.

५. कृती : शक्य असल्यास जवळच्या शांत पाण्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, १०० मीटर अंतर नेहमीच्या पद्धतीने वल्हवा आणि स्ट्रोक मोजा. मग प्रत्येक वेळी पाते पूर्ण बुडाल्यावरच ओढण्याचे पथ्य पाळून, साधारण तेवढ्याच वेळात तेच अंतर पुन्हा वल्हवा. स्ट्रोकच्या संख्येतील फरक नोंदवा आणि घसरणीच्या संकल्पनेने त्याचे स्पष्टीकरण द्या.